फोनवर ठरलं ते लिहून पाठवा: कास्तकार, बचत गट आणि गावच्या दुकानदारांसाठी ईमेल-मेसेजची कामाची पद्धत

मागच्या संक्रांतीच्या सुमारास एक काकाजी माझ्या दुकानात आले. खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, सोयाबीन दिलं होतं. भाव फोनवर ठरला, चुकारा (मालाचे पैसे) आठ दिवसांत देतो हेही फोनवरच ठरलं. दोन महिने उलटले तरी पैसे नव्हते, आणि आता व्यापारी भावही क्विंटलमागे दीडशे रुपयांनी कमी सांगत होता. काकाजींनी फोन पुढे केला आणि विचारलं, "भाऊ, आमचं बोलनं याच्यात कुठं निघते का?" फोन कोणत्या तारखेला झाला, किती मिनिटं चालला, एवढं निघालं. काय ठरलं ते निघालं नाही.

यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मी ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवतो. असा माणूस महिन्यातून दोन-तीनदा तरी समोर बसतो. मोबाईल घरोघरी आहे, व्हॉट्सअ‍ॅप आजीबाईंनाही येतं, पण कामाची गोष्ट लिहून पाठवायची सवय आपल्याकडं नाही. ती लागावी म्हणून हे सगळं लिहितो आहे. एका बैठकीत वाचून होणार नाही. पहिली पायरी आज करा, बाकी हंगाम सुरू व्हायच्या आधी.

आधी कशाला काय वापरायचं ते पाहू. एसएमएस मुख्यतः आपल्याकडं येण्यासाठी आहे: बँक, सरकारी योजना, ओटीपी. व्हॉट्सअ‍ॅप रोजच्या व्यवहारासाठी, म्हणजे व्यापारी, मजूर, गट, गिऱ्हाईक. बँक, विमा कंपनी, कृषी कार्यालय, बियाणं कंपनी यांना मागायचं असेल किंवा तक्रार करायची असेल, तर ईमेल. तिथं विषय, तारीख, जोडलेले कागद आणि उत्तर हे सगळं एकाच जागी राहतं आणि पाच वर्षांनीही शोधून निघतं.

पहिली पायरी: ईमेल स्वतःचा, नंबरही स्वतःचाच

ही पायरी सगळ्यात मोठी, म्हणून इथं जरा थांबतो. अर्ज भरताना ईमेलचा रकाना आला की दुकानदार स्वतःचाच ईमेल टाकून देतो. सुरुवातीच्या वर्षांत मीही तेच केलं आहे, आणि ते चूक होतं. पुढं त्या कास्तकाराच्या अर्जात त्रुटी निघाली की कळवणारा मेल माझ्या डब्यात, शेकडो मेलच्या ढिगात येऊन पडायचा. त्याला पत्ताच नसायचा. काही ठिकाणी मोबाईल नंबरही दुकानाचाच टाकतात. मग ओटीपीसाठी माणसाला दर वेळी त्याच दुकानात जावं लागतं. सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) कापूस विकायची नोंदणी 2025-26 च्या हंगामापासून 'कपास किसान' अ‍ॅपवर होते, केंद्रावर माल न्यायचा दिवसही तिथंच ठरवावा लागतो. अशा कामात नंबर दुसऱ्याचा असला की भरलेली गाडी घेऊन आपणच ताटकळतो.

अँड्रॉइड फोन असेल तर बहुतेक वेळा त्यात जीमेलचं खातं आधीच असतं. मोबाईल विकणाऱ्यानं फोन सुरू करताना काहीतरी नाव टाकून ते बनवलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. त्या खात्याच्या भरवशावर राहू नका. जीमेल उघडा, वर उजवीकडच्या गोल चिन्हावर दाबा, 'दुसरं खातं जोडा' निवडा आणि नवीन खातं तयार करा. पत्ता इंग्रजी अक्षरांत ठेवावा लागतो. तो साधा ठेवा: नाव, आडनाव आणि लक्षात राहील असा एखादा आकडा. 'किंग', 'दादा', 'लव्हर' असलं काही त्यात नको. हाच पत्ता उद्या बँकेच्या मॅनेजरसमोर जाणार आहे. फोनवर तोंडी सांगून पाहा, समोरच्याला दोनदा विचारावं लागलं तर पत्ता बदला.

पासवर्डात जन्मतारीख, गाडीचा नंबर, मुलाचं नाव टाकू नका. आपल्यालाच माहीत असलेले तीन-चार शब्द जोडा: वावराचं घरात चालणारं नाव, एखाद्या बैलाचं नाव, मध्ये एक आकडा. तो घरातल्या वहीत लिहून पेटीत ठेवा. पासवर्ड कागदावर लिहू नये असं शहरात सांगतात, पण माझा अनुभव असा की गावात खातं चोरीला कमी जातं, पासवर्ड विसरल्यानं जास्त जातं. वहीचा फोटो मात्र फोनमध्ये ठेवू नका. खात्याच्या सेटिंगमध्ये 'रिकव्हरी नंबर' म्हणून स्वतःचा मोबाईल टाका आणि 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' (पासवर्डानंतर फोनवर दुसरी खात्री) सुरू करा.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. गुगलचं खातं सलग दोन वर्षं वापरलंच नाही तर गुगल ते पुसून टाकू शकतं. म्हणून पोळ्याला आणि दिवाळीला तरी उघडून एखादा मेल वाचा. दुसरं, रिचार्ज न केल्यानं सिम बंद पडलं की निदान 90 दिवसांनंतर तो नंबर कंपनी दुसऱ्या माणसाला देऊ शकते. तुमच्या बँकेचे मेसेज मग त्याच्या फोनवर. नंबर बदलणार असाल तर आधी बँकेत आणि आधारमध्ये बदला, मगच जुनं सिम सोडा.

ज्या घरात स्मार्टफोन एकच आहे आणि तो मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात असतो, तिथल्या बायांनीही स्वतःचं खातं काढावं. फोन एक असला तरी खाती वेगवेगळी ठेवता येतात. बचत गटाच्या अध्यक्ष ताईंच्या नावचा मेल ताईंनीच आधी वाचायला हवा.

दुसरी पायरी: कामाचा मेल लिहिणं

मराठीत लिहा. इंग्रजी येत नाही म्हणून लोक अडून बसतात, त्याची गरज नाही. टायपिंग येत नसेल तर कीबोर्डवरचा माईक दाबा आणि बोला, मराठी चांगली उमटते. मग एकदा वाचून आकडे तपासा, कारण 'सतरा'चे 'सत्तर' होतात.

माझ्याकडं वारंवार येणारं एक काम नमुना म्हणून घेतो. मेच्या शेवटी बचत खात्यातून 436 रुपये कापले जातात. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता असतो. अनेकांना आपण सही केव्हा केली ते आठवत नाही. विमा वाईट नाही, 2 लाखांचं संरक्षण आहे, तेव्हा घाईनं बंद करू नका. पण आपल्या खात्यातून पैसे का गेले हे विचारायचा हक्क आहे. मेल असा:

*विषय: बचत खाते (शेवटचे अंक 4512), 28 मे रोजी 436 रुपये कपात, संमतीपत्राची प्रत मिळणेबाबत*

*मा. शाखा व्यवस्थापक,*

*आपल्या शाखेत माझे बचत खाते आहे. शेवटचे चार अंक 4512. दि. 28 मे रोजी या खात्यातून जीवन ज्योती विम्याचा हप्ता म्हणून 436 रुपये कपात झाले. या विम्यासाठी मी संमती दिल्याचे मला आठवत नाही.*

*विनंती अशी की, मी सही केलेल्या संमतीपत्राची प्रत या ईमेलवर पाठवावी. संमतीपत्र उपलब्ध नसल्यास रक्कम खात्यात परत जमा करावी. या अर्जाचा तक्रार क्रमांक कळवावा.*

*सोबत: पासबुकातील नोंदीची प्रत.*

*आपली विश्वासू,*
*(पूर्ण नाव, गाव, तालुका, मोबाईल नंबर)*

विषयाच्या ओळीत खातं, तारीख, रक्कम आणि मागणी चारही आहेत. मॅनेजर दिवसाला ढीगभर मेल पाहतो, नुसता 'अर्ज' किंवा 'विनंती' असा विषय असला तर तो उघडायचा राहतो. खाते क्रमांक पूर्ण लिहिलेला नाही, शेवटचे चार अंक आणि नाव-गाव एवढं शाखेला पुरतं. 'आठवत नाही' हे शब्द मी जाणूनबुजून ठेवतो. 'तुम्ही लुबाडलं' असं लिहिलं आणि सहीचा कागद निघाला, तर पुढचं कुणी ऐकत नाही. आणि मागणी स्पष्ट आहे. आपल्या अर्जांत दोन पानं व्यथा असते आणि नेमकं काय हवं ते कुठंच नसतं. व्यथा खरी असते, मी रोज ऐकतो, पण टेबलामागच्या माणसाला काय करायचं ते त्यातून कळत नाही.

एका मेलात एकच काम. पीक कर्जाचं आणि एटीएम कार्डाचं एकत्र लिहिलं की उत्तर सोप्या कामाचं येतं आणि दुसरं तसंच राहतं.

पाठवल्यावर चूक दिसली तर जीमेलमध्ये काही सेकंद 'अनडू'चं बटण येतं. संगणकावरच्या सेटिंगमध्ये ही मुदत 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती वाढवून ठेवा.

तिसरी पायरी: कागद जोडणं

पासबुक, सातबारा, पावती उजेडात सपाट ठेवून स्कॅन करा. गुगल ड्राइव्ह अ‍ॅपमध्ये स्कॅनची सोय आहे, थेट पीडीएफ तयार होते. फाईलला नाव द्या: 'सातबारा गट 112', 'बियाणे पावती 9 जून'. आकड्यांच्या नावाच्या सात फाईली पाठवल्या तर समोरचा कोणती उघडणार? जीमेलमधून एका वेळी 25 एमबीपर्यंतच जोडता येतं, कागदांना ते भरपूर आहे.

अर्ज टायपिंगच्या दुकानातून करून आणत असाल तर एक नक्की सांगा: "युनिकोडमध्ये करा आणि पीडीएफ द्या." कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आत अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त त्यांवर देवनागरीचं रूप चढवलेलं असतं. समोरच्या संगणकात तो फॉन्ट नसला की तुमचा अर्ज इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडतो. त्यानं कळवलं नाही, तर तुम्हाला वाटतं अर्ज पोचला.

शेतातल्या नुकसानीचे किंवा न उगवलेल्या बियाण्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधे पाठवले की बारीक होतात, आणि फोटोच्या आत दडलेली वेळ आणि जागा पुसली जाते. तेच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले, किंवा मेलला जोडले, तर मूळ जसेच्या तसे जातात. फोटो काढण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन' चालू करा.

सोयाबीन उगवलं नाही तर हेच सगळं कामी येतं. तालुका कृषी अधिकाऱ्याकडं तक्रार करायची, मग तालुकास्तरीय समिती पाहणी करून पंचनामा करते. पक्की पावती, पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि उरलेलं थोडं बियाणं जपून ठेवायचं. पिशवी उघडतानाच टॅगचा फोटो काढा, लॉट नंबर वाचता आला पाहिजे, आणि तो स्वतःलाच मेल करून ठेवा. जूनच्या गडबडीत पिशवी कुठं जाते कळत नाही. पाऊस आला की ती बैलबंडीवर झाकण होते.

चौथी पायरी: पोच घेणं

रजिस्टर एडीचं पोचकार्ड सहीसह परत यायचं, मेलचं तसं नाही. (आता टपाल खात्यानं 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्टच स्पीड पोस्टमध्ये मिळवलं आहे.) म्हणून मेलातच पोच मागायची. सरकारी कार्यालयाला मेल केला असेल तर दोन दिवसांनी छापील प्रत घेऊन आवक विभागात जा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. मेल केला म्हणून जायचं टळलं, असं अजून आपल्या भागात झालेलं नाही.

आठ-दहा दिवस उत्तर नाही आलं तर नवीन मेल लिहू नका. पाठवलेला जुना मेल उघडा, त्यालाच 'रिप्लाय' करा आणि दोन ओळी लिहा: "वरील अर्ज दि. 3 जून रोजी पाठवला आहे. अद्याप उत्तर मिळाले नाही, कृपया कळवावे." साखळी तुटत नाही आणि तारखा आपोआप एकाखाली एक राहतात. बँकेकडून 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते. तिथं पहिला प्रश्न हाच असतो की बँकेला केव्हा कळवलं. मेल असेल तर उत्तर तयार आहे.

मेळघाटात, भामरागड-एटापल्लीकडं नेट येतं-जातं. तिथं मेल घरीच लिहून 'पाठवा' दाबून ठेवला तरी चालतो, तो आउटबॉक्समध्ये थांबतो आणि नेट लागलं की जातो. नेट असलेल्या गावात आल्यावर 'सेंट'मध्ये तो दिसतो का ते मात्र पाहा.

पाचवी पायरी: बोलणं झालं की लगेच मेसेज

काकाजींच्या प्रकरणाचा खरा उपाय हा. व्यापाऱ्याशी भांडायचं नाही, स्टॅम्प मागायचा नाही. बोलणं फोनवरच करा. फोन ठेवला, माल गेला, की पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅप करा:

*"भाऊ, राम राम. आज 14 नोव्हेंबर. सोयाबीन 22 चुंगड्या, काट्यावर 13 क्विंटल 40 किलो. ठरलेला भाव 4350. एकूण 58,290 रुपये. आज रोख 8,290 मिळाले. बाकी 50,000 रुपये 21 नोव्हेंबरला खात्यात टाकणार असं आपलं ठरलं. बरोबर असेल तर 'बरोबर' लिहा, काही चुकलं असेल तर सांगा."*

चांगला व्यापारी याचा राग धरत नाही. त्याच्याकडंही शंभर कास्तकारांचा हिशोब असतो, त्यालाही सोय होते. "काहून, भरवसा नाही का?" असं कुणी म्हणालं तर सांगा, "भरवसा आहे भाऊ, मीच विसरून राहिलो म्हणून लिहून ठेवतो." 'बरोबर' आलं नाही तरी मेसेज निळ्या टिकांसह तारखेवर उभा असतो, आणि समोरच्यानं तेव्हा आक्षेप घेतला नव्हता हेही दिसतं. हिशोबाचा मेसेज व्हॉइस नोटमध्ये पाठवू नका. आकडा शोधताना चाळीस व्हॉइस नोट ऐकत बसावं लागतं.

हीच पद्धत ट्रॅक्टरवाल्याशी, हार्वेस्टरवाल्याशी आणि उसनवारीतही चालते. एकरी दर, एकर किती, डिझेल कुणाचं, हे तिन्ही लिहा. भांडण बहुधा तिसऱ्यावरून होतं.

दुकान, कंपनी आणि गट

कृषी सेवा केंद्र, पिठाची गिरणी, रोपवाटिका, शेतकरी कंपनी, यांनी साधं व्हॉट्सअ‍ॅप सोडून व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्यावं. ते मोफत आहे. त्यात दुकानाची वेळ आणि पत्ता टाकता येतो, मालाची फोटोसह यादी लावता येते, आणि रात्री आलेल्या मेसेजला आपोआप उत्तर जातं. नेहमीचे प्रश्न ठरलेले असतात, त्यांची उत्तरं 'क्विक रिप्लाय'मध्ये भरून ठेवा. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे, पुण्या-मुंबईचे लोक ती विचारून घेतात. अशा गिऱ्हाइकाला 'रेट काय' याचं उत्तर नुसता आकडा देऊ नका. किलोचा भाव, किती किलोचं पाकीट, पाठवणीचा खर्च धरून की वेगळा, किती दिवसांत पोचेल, पैसे आधी की नंतर, हे एकाच मेसेजमध्ये गेलं तर पाच फेऱ्या वाचतात. लांबचा माणूस तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या लिहिण्यावरूनच तो ठरवतो. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागेचा सौदा असेल तर सौदा, बयाणा (आगाऊ रक्कम) आणि तोडणीची शेवटची तारीख हे तिन्ही मेलवरही पाठवा, रक्कम मोठी असते.

ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा पाठवायची सोय) 256 जण घेता येतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यालाच मेसेज पोचतो. बिलासोबत गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला सांगा. आठवड्याला एकापेक्षा जास्त जाहिरात पाठवू नका. लोक बोलत नाहीत, गुपचूप ब्लॉक करतात.

बचत गटाचे दोन ग्रुप ठेवा. एक गप्पांचा, सुप्रभात आणि वाढदिवसांचा. दुसरा कामाचा, त्यात सेटिंगमधून 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' हे निवडा. सभा झाली की इतिवृत्ताच्या पानाचा फोटो त्याच दिवशी कामाच्या ग्रुपवर गेला पाहिजे. कुणाचा हप्ता थकला असेल तर ते ग्रुपवर कधीच लिहू नका, त्या ताईला एकटीला लिहा. चारचौघींत नाव वाचून गट सोडून गेलेली बाई मी पाहिली आहे. तिचे नंतर पैसे आले, ती आली नाही.

एसएमएस पाठवायचाच असेल तर मराठीत एका एसएमएसमध्ये 70 चिन्हं मावतात, इंग्रजीत 160. काना-मात्रा, अनुस्वारही चिन्हं म्हणूनच मोजली जातात. "आमसभा 12 तारखेला सकाळी 11 वाजता, गोदामात" एवढं पुरतं.

फसवणूक ओळखणं

बँक किंवा सरकारचा खरा एसएमएस दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही. तो अक्षरांच्या नावावरून येतो, आणि 2025 पासून त्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं: जी म्हणजे सरकारी, टी आणि एस म्हणजे व्यवहार आणि सेवा, पी म्हणजे जाहिरात.

आपल्याकडं सध्या सगळ्यात जास्त नुकसान होतं ते 'एपीके' फाईलनं, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणाऱ्या फाईलनं. पीएम किसानचा हप्ता, लग्नपत्रिका, गाडीचा दंड अशा नावानं ती व्हॉट्सअ‍ॅपवर येते, कधी ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्याचाही फोन आधी ताब्यात गेलेला असतो. फाईलच्या नावाशेवटी 'एपीके' दिसलं तर ती कुणाचीही असो, उघडू नका. पत्रिका कधी अ‍ॅप नसते. ती उघडून परवानग्या दिल्या की तुमचे ओटीपी दुसरीकडं वाचले जाऊ लागतात.

पैसे गेलेच तर आधी 1930 वर फोन करा, मग बँकेला मेल करा आणि सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवा. लाजेनं दोन दिवस गप्प बसणारे पाहतो, तेव्हा फार वाईट वाटतं, कारण पैसे अडवायची संधी पहिल्या काही तासांतच असते. आपली चूक नसताना खात्यातून पैसे गेले असतील, तर तीन कामकाजी दिवसांच्या आत बँकेला कळवलं की नाही यावर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी ठरवली आहे. तिथंही मेलची तारीखच उपयोगी पडते.

जपून ठेवणं

2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं इलेक्ट्रॉनिक नोंदींना मान्यता दिली आहे. न्यायालयात त्या पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा मसुदा वकील करून देतात, सह्या मात्र फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि तज्ज्ञाची लागतात. त्यासाठी मूळ मेसेज फोनमध्ये असावा लागतो. स्क्रीनशॉट काढला म्हणून मूळ पुसू नका. व्यवहाराच्या चॅटवर 'गायब होणारे मेसेज' चालू नाही ना, तेही पाहा. फोन बदलताना आधी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या, मग सिम काढा.

हंगाम संपला की व्यापाऱ्याचं चॅट उघडा, वरचे तीन ठिपके दाबा, 'एक्सपोर्ट चॅट' निवडा आणि ते स्वतःच्याच ईमेलवर पाठवा. विषयात लिहा: 'खरीप सोयाबीन हिशोब', व्यापाऱ्याचं नाव आणि वर्ष. पुढच्या वर्षी शोधायच्या रकान्यात 'सोयाबीन' लिहिलं की तो वर येतो.